स्थानिक सरकारांवर कर्ज असेल तर लो-कार्बनकडे, म्हणजे कमी कार्बन सोडणाऱ्या पर्यायांकडे, जाणं अडतं का?

अडतं पण आणि नाही पण, कर्ज किती यापेक्षा ते कशात घातलंय हे आधी बघा. मेट्रो, इलेक्ट्रिक बस, सोलर या सगळ्याला पैसा आधी लागतो आणि बचत पुढे कित्येक वर्षं हळूहळू येते, त्यामुळे कर्ज काढल्याशिवाय हे सहसा होतच नाही. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहराने 2013 मध्ये ग्रीन बाँड (फक्त पर्यावरणाच्या कामांसाठी पैसा उभा करणारे कर्जरोखे) काढले ते याचसाठी.

उलटी बाजू बघायची तर चीन. तिथे स्थानिक सरकारांनी स्वतःच्या कंपन्या काढून त्यांच्या नावावर भरमसाठ कर्ज उचललं आणि रस्ते, पूल, इंडस्ट्रियल पार्क बांधत सुटले, म्हणजे सगळं सिमेंट आणि स्टील, दोन्ही भरपूर कार्बन सोडणारे धंदे. फेडायचा भरवसा जमिनीचे हक्क विकून येणाऱ्या पैशावर, 2021 पासून प्रॉपर्टी मार्केट बसलं आणि तो पैसाही आटला. आता हप्ते भरायला टॅक्स हवा, मग टॅक्स देणारा धूर ओकणारा कारखाना बंद करायची हिंमत कोण करणार? 2024 च्या नोव्हेंबरमध्ये कंपन्यांच्या नावावरचं हे छुपं कर्ज सरकारच्या अधिकृत बाँडमध्ये बदलायला 10 ट्रिलियन युआनचं पॅकेज जाहीर झालं, त्याने व्याज वाचतं हे खरं, पण वाचलेला पैसा हिरव्या कामातच जाईल अशी काही अट नाही (मला तरी हीच खरी गोची वाटते).

आणि मुदत पण बघा, 25 वर्षं चालणारा प्रकल्प 5 वर्षांच्या कर्जावर उभा केला तर प्रकल्प चांगला असूनही पैशाची बोंब होणारच.