रूट कॅनॉल त्रिफळ्याने धुतला तर चालेल का?

ताई, तुमच्या आईंच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल चालू आहे, आतल्या औषधाच्या वासाने त्यांना मळमळतं, आणि डॉक्टरांनी त्याऐवजी कडुनिंब नाहीतर त्रिफळ्याचा काढा वापरावा असा त्यांचा हट्ट आहे. सदाशिव पेठेत तीस वर्षं दवाखाना चालवला, तेव्हा हा हट्ट माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. डॉक्टरांना तसा आग्रह करू नका.

टिळक टँकवर पोहायला गेल्यावर येतो तसा तो वास सोडियम हायपोक्लोराइटचा. आम्ही नुसतं 'हायपो' म्हणतो. पहिल्या महायुद्धात ०.५ टक्के द्रावणाने सैनिकांच्या जखमा धुवत. दातात ०.५ पासून ५.२५ टक्क्यांपर्यंत वापरतात.

सगळ्यांना वाटतं, जंतू मेले की काम झालं. पण खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि त्यांत तीन कॅनॉल, म्हणजे नसेच्या नळ्या, कधी चार. शिवाय त्यांना बारीक फाटे, जिथे कॅनॉल खरवडायची बारीक सुई, म्हणजे फाइल, पोचतच नाही. तिथे अडकलेली मेलेली नस विरघळवावी लागते, आणि ते हायपोच करतो. क्लोरहेक्सिडीन हे दुसरं औषधही जंतू मारतं, पण नस विरघळवत नाही.

मी एकदा गंमत म्हणून काढलेल्या दाढेतली नस दोन वाट्यांत टाकून पाहिली. हायपोतली बुडबुडे येत विरून गेली. त्रिफळ्याच्या काढ्यातली तपकिरी झाली आणि तशीच राहिली. नवल नाही. त्रिफळ्यातला हिरडा, आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जंगलात मिळतो तो, कातडं कमावायलाही वापरतात. त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनं घट्ट करतं!

वनस्पतींवरचं संशोधन खोटं आहे असं मात्र नाही. फसलेल्या रूट कॅनॉलमध्ये एन्टरोकोकस फीकॅलिस नावाचा चिवट जंतू बऱ्याचदा सापडतो. २०१० साली काढलेल्या दातांवर केलेल्या एका अभ्यासात त्रिफळा आणि ग्रीन टीतल्या पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांनी त्यावर चांगलं काम केलं, पण हायपो तिथेही पहिलाच आला. शिवाय तो प्रयोगशाळेत मोजून विरघळवलेला त्रिफळा होता. घरच्या पातेल्यातल्या काढ्यात गाळ असतो, आणि तो निर्जंतुकही नसतो.

हायपोची भीती मात्र अगदीच खुळी नाही. तो मुळाच्या टोकाबाहेर गेला तर क्षणात असह्य कळ येते, गाल सुजतो, काळानिळा पडतो. म्हणून हायपो सोडायची सुई कॅनॉलमध्ये घट्ट बसू द्यायची नाही आणि हळू सोडायचं. असं क्वचितच होतं, पण झालं तर लगेच हात वर करायला आईंना सांगून ठेवा. क्लोरीनने अंगावर कधी पुरळ आलं असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

आणि रबर डॅम मागा. दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा असतो तो. औषध जिभेवर येत नाही, वासही पुष्कळ कमी होतो. सुरुवातीच्या काळात मी तो लावायचा कंटाळा केला आणि हायपो उडून एका आजोबांच्या नव्या निळ्या शर्टावर पांढरे ठिपके उठले. शर्ट भरून दिला, वर बोलणीही खाल्ली.

झाडपाल्यावरच आईंची श्रद्धा असेल तर हेही सांगा: शेवटी कॅनॉलमध्ये भरतात ते गटापर्चा म्हणजे झाडाचा चीकच, आणि तात्पुरत्या सिमेंटमध्ये पुष्कळदा लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. त्रिफळ्याच्या गुळण्या घरी खुशाल करू देत.