रिमोटनं जोडलं, पण स्क्रीन काळी

जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की ‘कनेक्ट होतंय, पण दिसत काहीच नाही’ अशी पत्रं वाढतात. कारणं वेगवेगळी असतात, म्हणून एकेक घेऊ.

प्रश्न (अंबड): घरून कंपनीतल्या अकाउंट्सच्या कॉम्प्युटरला विंडोज रिमोट डेस्कटॉपनं जोडतो. पासवर्ड घेतो, मग काळी स्क्रीन आणि माउसचा बाण. मित्र म्हणतो, फॉरमॅट मार.

उत्तर: फॉरमॅट अजिबात नको. पासवर्ड घेतला आणि बाण हलतोय, म्हणजे जोडणी ठीक आहे. बहुधा पलीकडचा डेस्कटॉप उघडलेला नाही. कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबा (डिलीट दाबलंत तर ते तुमच्याच मशीनला लागू होतं). टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’मध्ये एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाका. तरी काळंच राहिलं, तर जोडण्याआधी रिमोट डेस्कटॉपच्या ‘एक्स्पिरियन्स’ टॅबमधली बिटमॅप कॅशिंगची टिकमार्क काढा. यानंतर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, आणि ते काम कंपनीच्या आयटीवाल्याचं. ‘ड्रायव्हर अपडेट करा’ म्हणत पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

प्रश्न (नाशिक रोड): मी घरून जोडलं की ऑफिसातल्या मॉनिटरवर लॉक स्क्रीन येते. बिघाड आहे का?

उत्तर: नाही. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप असाच चालतो.

प्रश्न (सातपूर): मॉनिटर दुसऱ्या टेबलावर नेला, सीपीयू चालूच आहे. आता एनीडेस्कवर (दुरून कॉम्प्युटर चालवायचं अॅप) काळं दिसतं. दुकानदार नवं ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणतो.

उत्तर: कार्ड घेऊ नका. मॉनिटर जोडलेला नसेल तर बरीच मशीन चित्रच तयार करत नाहीत. तोच मॉनिटर परत लावून पाहा. दिसू लागलं, तर एचडीएमआयचा डमी प्लग मागा; काही शे रुपयांत मिळतो आणि मॉनिटर असल्याचं मशीनला भासवतो. नाहीच दिसलं, तर मशीन माहीतगाराला दाखवा. कार्डाचा विषय त्यानंतर.

प्रश्न (पंचवटी, निवृत्त शिक्षिका): बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला. केवायसीसाठी लॅपटॉपवर अॅप घ्यायला लावलं, नऊ आकडी नंबर विचारला. मग स्क्रीन काळी झाली. ‘सर्व्हरचं काम चालू आहे, बंद करू नका’ म्हणाला. स्क्रीन परत कशी आणू?

उत्तर: ताई, स्क्रीनचं राहू द्या, आधी वायफाय बंद करा, १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा आणि बँकेला कळवून खातं रोखा. पत्र मिळताच हे तुम्हाला फोनवर सांगितलंच. इथे इतरांसाठी लिहितो. दुरून मशीन चालवायच्या अशा अॅपमध्ये ‘प्रायव्हसी मोड’ असतो. दुरून पगारपत्रक उघडलं तर ऑफिसात बसलेल्यांना दिसू नये, यासाठी ती सोय. चोर त्याच सोयीनं मालकाची स्क्रीन काळी करतो आणि मागे नेटबँकिंग चालवतो. ‘बंद करू नका’ हे वाक्य त्याला वेळ हवा म्हणून असतं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. अॅप स्वतः वाईट नाही. तो नंबर अनोळखी माणसाला देणं म्हणजे घराची किल्ली देणं. कोणतीही बँक केवायसीसाठी तुमची स्क्रीन मागत नाही. ‘मुलगा रविवारी येईल, मग बघू’ असं तर मुळीच करू नका, कारण पैसा तासाभरात चार खात्यांतून फिरतो. तक्रार नोंदवून झाली की लॅपटॉप जाणकाराकडून तपासून घ्या. तोवर त्यावर बँकेचं काही उघडू नका, आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): पुतण्या पुण्याहून आमच्या आडतीच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकतो. मधेच त्याला काळं दिसतं, आम्हाला इथे ‘यस-नो’ दिसतं. व्हिडिओत ती विचारणा कायमची बंद करायला सांगितलंय.

उत्तर: बंद करू नका, ती विंडोजची राखण आहे. पुतण्यानं सांगितलेलंच सॉफ्टवेअर असेल तर इथल्या माणसानं ‘यस’ दाबावं. रिमोटचं अॅप नुसतं डाउनलोड करून न चालवता रीतसर इन्स्टॉल केलंत, तर ती खिडकी त्यालाही दिसायला हवी. तरी अडलं तर बिल करून देणाऱ्या तुमच्या नेहमीच्या टेक्निशियनला बोलवा.