पॅराक्वाट: पानात आणि फुफ्फुसात

प्रश्न: पॅराक्वाट हे तणनाशक जमिनीवर पडताच निष्प्रभ होते, असे सांगितले जाते. मग तेच पोटात गेल्यास प्राणघातक का ठरते? आणि अशा रुग्णाला धाप लागलेली असतानाही डॉक्टर ऑक्सिजन देण्याची घाई करत नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर: दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पॅराक्वाट हिरव्या पानात शिरले की प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉन मधल्यामध्ये उचलते आणि ऑक्सिजनच्या हवाली करते. त्यातून सुपरऑक्साइड हा अतिक्रियाशील घटक तयार होतो आणि पॅराक्वाट पुन्हा पुढचा इलेक्ट्रॉन घ्यायला मोकळे होते. हे चक्र अखंड फिरत राहिल्यामुळे पेशींची आवरणे फाटतात आणि कडक उन्हात तण काही तासांतच करपते.

माणसाच्या शरीरात हरितद्रव्य नसले तरी इलेक्ट्रॉन पुरवणारी विकरे असतात, त्यामुळे हेच चक्र तिथेही सुरू होते. त्यातही फुफ्फुसाचे दुर्दैव असे की, पॉलिअमाइन नावाची उपयुक्त द्रव्ये आत घेणारी तेथील पेशींची यंत्रणा पॅराक्वाटलाही आत ओढून साठवते, आणि ऑक्सिजन तर तिथे मुबलकच असतो. बाहेरून आणखी ऑक्सिजन दिल्यास या चक्राला इंधनच मिळते. म्हणून रक्तातील ऑक्सिजन फारच खालावल्याशिवाय तो देण्याचे टाळतात.

मातीचे म्हणाल, तर पॅराक्वाटवर धनभार आणि चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असल्याने ते कणांना घट्ट चिकटते. फवारणीसाठी गढूळ पाणी वापरल्यास परिणाम घटतो तो यामुळेच. मात्र निष्प्रभ होणे म्हणजे नष्ट होणे नव्हे. मातीला जखडलेले पॅराक्वाट वर्षानुवर्षे तिथेच राहू शकते. विषबाधेत सक्रिय कोळसा किंवा विशिष्ट शोषक माती पाजतात, त्यामागेही हे चिकटणेच असते. पण विष रक्तात उतरण्याआधीच त्याचा उपयोग होतो, आणि खात्रीचा उतारा आजही उपलब्ध नाही.

सर्वांत फसवा भाग लक्षणांचा आहे. सुरुवातीला तोंड व घसा भाजल्यासारखा होतो, उलट्या होतात. त्यानंतर रुग्ण सावरल्यासारखा दिसू शकतो, पण त्याच काळात मूत्रपिंडे निकामी होत असतात आणि पुढील काही दिवसांत किंवा आठवड्यांत फुफ्फुसे तंतुमय होऊन श्वास कोंडतो. त्यामुळे थोडेसेही गिळले गेल्याची शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी. रुग्णालयात लघवीच्या नमुन्यात सोडियम डायथायोनाइट मिसळून पाहतात. नमुना निळा झाला, तर पॅराक्वाट शरीरात गेल्याचे स्पष्ट होते.