रजेवर असताना फाइल कुणाकडे असते?

"मॅडम, आठ दिवस रजा काढली, तरी थकवा तसाच आहे. माझ्यातच काही बिघाड आहे का?"

समुपदेशन करताना हा प्रश्न मी वारंवार ऐकते. विचारणारी मुलं इथलीच, कोल्हापूरची, पण मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये काम करणारी. महालक्ष्मी एक्सप्रेसने घरी येतात ती लॅपटॉप घेऊनच. त्यातल्या एकाचा अनुभव त्याच्या परवानगीने, ओळख पटेल ते तपशील बदलून, सांगते.

वय एकोणतीस. वडील इथे जिल्हा न्यायालयात वकिली करतात. "बाबांनी एवढी वर्षं केली, कधी असे खचले नाहीत. मीच कमी पडतोय."

"मे महिन्यात बाबा काय करायचे?"

"कोर्टाला सुट्टी असायची. आम्ही आजोळी जायचो, आजऱ्याला."

"आणि समोरचा वकील?"

"तोही सुट्टीवरच असणार की!"

बोलता बोलता तो थांबला. बाबांची सुट्टी सगळ्यांची होती. तातडीची कामं सोडली तर तारखाच पडत नाहीत, आणि हे पक्षकारालाही ठाऊक असतं. कंपन्यांचे करार बघणाऱ्या वकिलाला अशी सुट्टी नाही. तो एकटा रजेवर, बाकी सगळं चालू. त्यात क्लायंटला बिल लावण्यासाठी केलेल्या कामाचा हिशेब सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहायचा.

तिसऱ्या भेटीत तो बसायच्या आधीच बोलू लागला. "काल बाबा गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेले. ग्लास हातात, वर फेस. फोन आला, घेतला. ठेवला तेव्हा फेस बसला होता आणि बाबा पैसे देऊन बाजूला उभे होते. मॅडम, माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? अठरा मिनिटं. म्हणजे तीन तुकडे." आणि त्याला रडू फुटलं.

मी रडू दिलं. मग विचारलं, "दुसऱ्या कुणी घेतला असता तर?"

"मलाच घ्यायला पाहिजे होता. ती फाइल मलाच माहीत आहे. क्लायंटला मीच लागतो."

तिन्ही वाक्यं मी कागदावर लिहिली, प्रत्येक 'च'भोवती गोल केला आणि कागद त्याच्याकडे सरकवला. "आता 'च' गाळून वाच." त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाला, "मॅडम, हे तर खरं आहे. आधीचं खरं नव्हतं."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विवेकनिष्ठ विचाराने काम करते, म्हणजे मनातला 'असंच व्हायला हवं' हा हट्ट शोधून सैल करते, आणि मराठीत आपल्याला हा 'च' आयता मिळालाय याचा मला फार उपयोग होतो. कामाचं ओझं खरंच असतं, ते मी कधी नाकारत नाही. पण त्याला 'च'ची गाठ बसली की रजेतही ते खाली ठेवता येत नाही.

म्हणून सगळ्यांना सांगते, तिकीट काढायच्या आधी नाव ठरवा. तुमची फाइल कोण बघणार? त्याला दोन दिवस आधी बसवून ती समजावून द्या, आणि क्लायंटला मेल करताना त्याचा नंबर द्या, स्वतःचा नको. पहिले दोन-तीन दिवस अंग गळून जाईल, चिडचिड होईल. होऊ द्या. वरिष्ठांनाही विनवणी आहे: रजा मंजूर करून रोज फोन करणार असाल, तर ती मंजूर केलेलीच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे अशा खचण्याला, कामाशी निगडित अवस्था म्हटलं, आजार नव्हे. शीण, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, या त्याच्या खुणा. मात्र झोप-भूक दोन आठवडे बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर रजेची वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

ऑगस्ट २०२५ मध्ये इथे कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. तेव्हापासून "परतच येऊ का?" हाही प्रश्न येतो. जरूर या, पण तो निर्णय थकलेल्या अवस्थेत घेऊ नका.

पुढच्या रजेत त्याने फाइल सहकारी मुलीकडे सोपवली. परतल्यावर त्याचा फोन आला. "तिने सगळं व्यवस्थित केलं, मॅडम. क्लायंटने माझं नावही काढलं नाही."

"कसं वाटलं?"

बराच वेळ तो गप्प होता. "लागलं थोडं," म्हणाला.

खरं काम तिथून सुरू झालं. पुढच्या चार भेटी आम्ही त्यावरच बोललो.