फोनवर बोलता तसंच लिहा की!

ह्या खेपेला पत्रं, मेसेज धरून बरेच प्रश्न आलेत, त्यातले धंद्याच्या लिखाणाचे तेवढे निवडलेत. मी कोल्हापुरात राहून दुसऱ्यांच्या धंद्याचं लिखाण करते, म्हणजे माहितीपत्रकं, वेबसाईटचा मजकूर, गिऱ्हाइकाला जायचे मेसेज, इन्स्टाच्या पोस्ट असलं सगळं, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट सारखी दिसतीय ती म्हणजे आपली माणसं बोलायला लई भारी, दुकानात आलेल्या माणसाला काय पटवून सांगतील, पण तीच माणसं लिहायला बसली की एकदम तहसीलदार हापिसातल्या अर्जासारखी लिहायला लागतात. खालची बहुतेक उत्तरं त्याच एका दुखण्यावरची आहेत.

ताई, आमचा चपलांचा घरचा धंदा आहे, आजोबांपासनं. भाऊ इन्स्टाग्रामवर रोज फोटो टाकतो, खाली "अस्सल कोल्हापुरी, उत्तम क्वालिटी, माफक दर, आजच संपर्क करा" लिहितो. लाईक येतात, ऑर्डर येत नाही. काय चुकतंय?
*एक वाचक, सुभाषनगर, कोल्हापूर*

दादा, तुम्ही पाठवलेले फोटो बघितले, चांगले आहेत, उजेड नीट आहे, वेणी स्पष्ट दिसतीय. चुकतायत त्या खालच्या ओळी. एक करून बघा, ही तुमची ओळ उचला आणि साडीच्या फोटोखाली लावा, सोफ्याच्या फोटोखाली लावा, मिसळीच्या फोटोखाली लावा. "अस्सल, उत्तम क्वालिटी, माफक दर" सगळीकडं बसतंय का नाही? मग ती ओळ तुमची नव्हेच. वाचणाऱ्याला तुमच्या जोडाबद्दल त्यातनं काहीच कळलं नाही, म्हणून तो लाईक देऊन पुढं जातोय.

मी एकदा चप्पल लाईनला एका दुकानात कामासाठी तास दीड तास वही घेऊन बसले होते. पुण्याच्या एक बाई आल्या, जोड हातात घेतला, वाकवून बघितला आणि विचारलं, "चावते का हो ही?" दुकानातले काका म्हणाले, "चावणार की. पयले चार दिवस अंगठ्यापाशी चावंल. आधी तेलाचं बोट फिरवा, घरातल्या घरात घाला, मग ती तुमच्या पायाचा आकार घेतीया. पावसात घालू नका, आणि भिजलीच तर उन्हात टाकू नका, सावलीला वाळवा." बाईंनी दोन जोड घेतले. काकांनी आधी उणं सांगितलं म्हणून पुढचं सगळं खरं वाटलं त्यांना, मी समोर बसून बघितलंय हे. आणि काका जे बोलले ना, तेच तुमचं कॅप्शन आहे! तुमच्या घरातबी वडील असंच काहीतरी रोज बोलत असतील, भावाला सांगा मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून काउंटरवर ठेव आणि दोन दिवसांनी ऐक.

मग समजा असं लिहा (कापशी हा कोल्हापुरीचा एक प्रकार): "कापशी, पुरुषांसाठी, साईज 6 ते 11. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं. तळ हातानं शिवलेला, खिळा नाही. पहिले चार दिवस अंगठ्यापाशी चावेल, तेल लावून घरात वापरा. 1,450 रुपये, कुरिअर धरून. कागदावर पाय ठेवून पेनानं आकार काढा आणि त्याचा फोटो पाठवा, साईज आम्ही सांगतो." ह्यातलं जे तुमच्या जोडाला लागू नाही ते काढा, क्रोम लेदर म्हणजे केमिकलनं कमावलेलं चामडं वापरत असाल तर तसंच लिहा, लपवू नका. इन्स्टाचं कॅप्शन 2,200 अक्षरांपर्यंत चालतं पण न उघडता दिसतात त्या सुरवातीच्या एकदोन ओळी, म्हणून कुठला प्रकार, कुणासाठी, कुठली साईज हे पहिल्याच ओळीत. किंमत लिहायला घाबरू नका. "किमतीसाठी मेसेज करा" म्हटलं की निम्मी माणसं लाजून विचारतच नाहीत, मी स्वतः विचारत नाही.

अजून एक, जीआयबद्दल, म्हणजे ठराविक भागातल्या खास मालाला मिळते ती सरकारी नोंद. कोल्हापुरी चपलेला 2019 ला जीआय मिळालं ते आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. तेव्हा "फक्त कोल्हापुरातच बनते" असं लिहू नका, कर्नाटकातल्या अथणीचे कारागीरपण पिढ्यान् पिढ्या हेच काम करतायत, त्यांच्यावर अन्याय नको. आणि जीआयचा शिक्का अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली असेल तरच टाकायचा. 2025 च्या जूनमध्ये इटलीत मिलानला प्राडा ह्या महागड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या चपलेसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव सुरवातीला कुठंच नव्हतं, तेव्हा सगळ्यांसारखी मीपण चिडले होते, पण त्याच आठवड्यात बाहेरगावच्या ओळखीच्यांनी मला फोन करून विचारलं की खरी कोल्हापुरी ओळखायची कशी, आणि त्यांना पाठवायला एका कारागिरानं स्वतः लिहिलेलं साधं पानभर मराठी मला सापडलं नाही. ते तुम्ही लिहा. मनापासून सांगते, तुमच्याइतकं ते कुणालाच लिहिता येणार नाही.

आमचं गुऱ्हाळ आहे. व्हॉट्सअॅपवर दोनशे लोकांना ब्रॉडकास्ट करतोय पण वीस-पंचवीस जणांनाच पोचतोय. मेसेज सोबत जोडलाय, जरा बघा.
*एक वाचक, पन्हाळा तालुका*

न पोचायचं कारण सरळ आहे. ब्रॉडकास्ट फक्त त्याच माणसाला जातो ज्यानं तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. तुम्ही त्याचा केला असून चालत नाही. म्हणून खोक्यावर, बिलावर, पिशवीवर एक ओळ छापा: "हा नंबर 'गूळवाले' म्हणून सेव्ह करा, नवा गूळ निघाला की कळवतो." गुऱ्हाळावर लोक रस प्यायला, काकवी न्यायला येतातच की, तेव्हा समोरच सेव्ह करून घ्या. एका यादीत 256 पर्यंत माणसं बसतात, गावाकडची वेगळी, मुंबई-पुण्याची वेगळी अशा याद्या करा, म्हणजे पुण्याला गाडी जायच्या आदल्या दिवशी फक्त पुणेकरांना कळवता येतंय.

आता मेसेज. वर शुभ सकाळ, मग फुलं, मग गुळाचे बारा फायदे, आणि रेट कुठाय तर एकदम तळाला. लांब मेसेज व्हॉट्सअॅप अर्ध्यात तोडतं आणि "रीड मोअर" दाखवतं, ते दाबायला कुणाला वेळ आहे सकाळी? तुमचा रेट कुणी बघितलेलाच नाही. आणि ते बारा फायदे, त्यात "मधुमेहींना चालतो" आणि "रक्त शुद्ध होते" लिहिलंय ते कृपा करून आजच काढा. खाण्याच्या पदार्थाबद्दल असले दावे करायला एफएसएसएआयचे, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, 2018 चे नियम आहेत, पण त्याहीपेक्षा कुणी शुगरवाला माणूस तुमच्यावर विश्वास ठेवून खाईल आणि आजारी पडेल, ही गोष्ट मला जास्त लागते.

त्याच्या जागी तुमच्याकडं जे खरं आहे ते लिहा. तुम्ही फोनवर मला सांगितलंत की लोक सारखं विचारतात "गूळ काळपट का?" आणि तुम्ही प्रत्येकाला समजावता की आम्ही हायड्रॉस (रंग उजळ करायची पावडर) टाकत नाही, रसाची मळी काढायला भेंडीचं पाणी वापरतो, म्हणून रंग गडद येतोय. मग हेच दोन ओळीत लिहा ना! असं: "नवा गूळ निघाला. 1 किलो आणि 5 किलोचे रवे. रेट अमुक. भेंडीचं पाणी वापरून मळी काढलेली, हायड्रॉस नाही, म्हणून रंग काळपट आहे. पाहिजे असल्यास किती किलो ते आणि गावाचं नाव टाका." संपलं. कढईवर फेस येतोय आणि माणूस मळी काढतोय असा वीस सेकंदांचा व्हिडीओ स्टेटसला टाका, तो 24 तासच राहतो म्हणून ज्या दिवशी गूळ निघेल त्याच दिवशी टाका. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर असतो तो कॅटलॉगमध्येपण लिहा. आपल्या गुळाला 2014 पासून जीआय आहे हेही लोकांना माहीत नसतं, एक ओळ त्याची.

वडिलांची फाउंड्री आहे, शिरोली एमआयडीसीत. वेबसाईटवर "वी आर अ लीडिंग मॅन्युफॅक्चरर" वगैरे आहे. बाहेरच्या एन्क्वायऱ्या पाहिजेत पण माझं इंग्लिश कच्चं आहे, कोर्स करू का?
*एक वाचक, शिरोली*

कोर्स करा हवा तर, पण त्यासाठी अडून बसू नका. कास्टिंग विकत घेणारा माणूस इंजिनिअर असतो, तो तुमचं व्याकरण बघत नाही, तो आकडे शोधतोय. ओतीव लोखंड कुठलं, ग्रे आयर्न का एसजी आयर्न, त्यातले कुठले ग्रेड, एफजी 260 करता का, एका कास्टिंगचं वजन किती किलोपासून किती किलोपर्यंत, महिन्याला किती टन, मशिनिंग आत होतंय का बाहेर देता, पॅटर्न आल्यापासून सँपल किती दिवसांत, टेस्टिंगला काय काय आहे. हे तुमच्या वडिलांना तोंडपाठ असणार. एका पानावर टेबल करून टाका, "लीडिंग" पुसून टाका. मेलला उत्तर देताना पण तेच, त्यानं विचारलंय "हा पार्ट करू शकता का", तर पहिल्या ओळीत हो किंवा नाही, मग किती दिवस, मग काय ड्रॉइंग लागतंय ते, कंपनीचा इतिहास तिथं नको. आणि "नाही" असलं तरी त्याच दिवशी कळवा.

प्रेसवाल्यानं पत्रकाचा मजकूर पेन ड्राइव्हवर दिला, तो वेबसाईटवर पेस्ट केला तर भलतीच अक्षरं येतात. आणि मराठी एसएमएसचे पैसे जास्त का पडतात?
*एक वाचक, इचलकरंजी*

प्रेसमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेलं असतं, ते युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं टायपिंग, नव्हे. कन्व्हर्टरमधनं बदलून घ्या, मग एकदा डोळ्याखालनं घाला कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. नाहीतर सरळ मोबाईलवर बोलून टाईप करा, आता मराठी बरंच नीट उमटतंय. नुसता पत्रकाचा फोटो वेबसाईटवर लावू नका, फोटोतला नंबर लोकांना कॉपी करता येत नाही. एसएमएसचं म्हणाल तर इंग्लिश अक्षरांत एका मेसेजला 160 अक्षरं मिळतात आणि देवनागरीत 70, शिवाय काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणून मराठी एसएमएस लिहिताना "आमच्या सर्व मान्यवर ग्राहकांना कळविण्यात अत्यंत आनंद होतो की" इथंच एक मेसेज जवळजवळ संपला बघा. "सेल शनिवारी, 10 ते 8, राजवाडा चौक" असं लिहिलं की सत्तरच्या आत बसतंय.

ताई मी पण घरून कंटेंट लिहिते, दोन वर्षं झाली. एका क्लायंटनं चार महिने झाले पैसे दिले नाहीत. मागायला लाज वाटते, संबंध बिघडतील म्हणून भीती पण वाटते. कसं मागू?
*एक वाचक, राजारामपुरी*

बाळ, तुझं पत्र वाचून पोटात कालवलं. माझ्याबरोबर हेच झालंय, एका कंपनीनं माझ्याकडनं पूर्ण वेबसाईट लिहून घेतली, लावली सुद्धा, आणि सात महिने "साहेब बाहेर आहेत" एवढंच. मी काय करायची, तर "सर जमलं तर बघा ना" असं लिहायची, आणि असं लिहिलं की समोरचा न जमल्याचं ठरवून टाकतो. केलेल्या कामाचे पैसे आहेत हे, उसने मागत नाही आपण.

आधी मेसेज कसा लिहायचा ते सांगते. त्यात चार गोष्टी पाहिजेत, बिल नंबर, रक्कम, कुठल्या तारखेला देणं होतं, आणि आता कुठल्या तारखेपर्यंत पाहिजे. नमस्कार एकदाच, "सॉरी टू डिस्टर्ब" अजिबात नको. आणि व्हॉट्सअॅपवर नको, मेलवर, बिल परत जोडून, शक्यतो अकाउंट्सवाल्याला सीसी करून, कारण बऱ्याचदा मालकानं हो म्हटलेलं असतं आणि बिल अकाउंट्सकडं पोचलेलंच नसतं. माझे त्या सात महिन्यांचे पैसे शेवटी असेच सुटले, अकाउंट्समधल्या एका ताईंना बिलाची कॉपी थेट पाठवल्यावर नवव्या दिवशी.

दुसरं, उद्यम नोंदणी म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी करून घे, फुकट असते, आधारवर होते, लिखाण ही सेवा आहे म्हणून आपण त्यात बसतो. पुढच्या कामाच्या आधीच करून ठेव. 2006 च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, काहीच ठरलं नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाईन तक्रार करता येते. बिलावर उद्यम नंबर आणि "देय 15 दिवसांत" एवढं छापलं तरी निम्मे लोक वेळेवर देतात असा माझा अनुभव आहे. आणि नवीन माणसाकडनं निम्मे पैसे आधी घे, चपलेचा जोडसुद्धा कुणी चार महिन्यांच्या उधारीवर नेत नाही.

आजच्या आज हे पाठव, आकडे तुझे घाल: "नमस्कार. बिल क्र. 14, रक्कम 18,000 रुपये, 10 तारखेला देय होते, अजून जमा झालेले नाहीत. बिल पुन्हा जोडले आहे. येत्या शुक्रवारपर्यंत जमा करावे, काही अडचण असल्यास आजच कळवावे." पाठवल्यावर मला कळव. शुक्रवारपर्यंत नाही आले तर सोमवारी सकाळी अकराला फोन कर, जेवायच्या आधी अकाउंट्सवाले जागेवर असतात, आणि बिल नंबर समोर कागदावर लिहून ठेव.