‘जर्नीमन’ स्ट्रायकरला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: बऱ्याच क्लबांकडून खेळलेल्या फुटबॉलपटूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. नायजेरियाचा स्ट्रायकर बार्थोलोम्यू ओगबेचे याच्यावर मराठीत लिहिताना प्रश्नकर्त्याने ‘प्रवासी आघाडीपटू’ असं लिहिलं, मित्राने ते खोडून ‘भटका आघाडीपटू’ केलं. यातलं बरोबर कुठलं?

माझ्या मते दोन्ही नकोत. ‘जर्नी’ म्हणजे प्रवास हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की या शब्दाचा प्रवासाशी मुळात संबंध नाही हे चटकन पटत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘जुर्ने’ म्हणजे दिवस, दिवसभराचं काम किंवा दिवसभरात कापलेलं अंतर. त्यातला अंतराचा अर्थ इंग्रजी ‘जर्नी’त मोठा झाला आणि कामाचा अर्थ ‘जर्नीमन’मध्ये राहिला. उमेदवारी संपवून हातात कसब आलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याच्या दुकानात बसणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. याच कुळातल्या ‘जर्नल’ला आपण ‘रोजनिशी’ म्हणतो, हिशेबाच्या वहीला ‘रोजकीर्द’. त्या न्यायाने ‘जर्नीमन’ला ‘रोजंदार’ म्हणायला हवं, आणि व्युत्पत्तीने ते चपखल बसतंही. अडचण अशी की मराठीत रोजंदारीवरचा माणूस म्हटलं की बिगारी डोळ्यांपुढे येतो. हातातलं कसब त्या शब्दातून गळून पडतं.

मित्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. जर्मनीत शिक्षण पुरं झालेला सुतार किंवा गवंडी तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरायचा आणि या काळात आपल्या गावाच्या आसपास फिरकायचा नाही. ही प्रथा थोड्या प्रमाणात आजही टिकून आहे. म्हणजे या मंडळींच्या पायाला भिंगरी होतीच. पण ती कामासाठी. ‘भटका’मध्ये नेमकं ते काम दिसत नाही. ‘फिरस्ता’चंही तेच, आणि ‘बारा पिंपळांवरचा मुंजा’ तर सरळ टोमणा झाला.

आपल्याकडे हा मधल्या पायरीचा माणूस कुठे सापडतो? शिंप्याच्या दुकानात! कापड बेतणारे ते ‘मास्तर’, काज-बटणाला बसलेला पोरगा शिकाऊ, आणि मशीनवर नगावर शिवणारा तो ‘कारागीर’. दुकान त्याचं नसतं. सणासुदीला जिथे काम जास्त तिथे तो जातो, पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात दिसतो, पण कुठेही बसला तरी कॉलर नीटच बसवतो. सराफाच्या पेढीमागेही हाच माणूस असतो. जर्नीमनचं याहून जवळचं मराठी रूप मला माहीत नाही.

आता ओगबेचेकडे पाहा. 2002 च्या विश्वचषकात तो नायजेरियाकडून खेळला तेव्हा 17 वर्षांचा होता. पॅरिस सेंट जर्मेनमध्ये वाढला, तिथून बास्तिया आणि मेट्झला उसनवारीवर गेला. (‘लोनवर’ असं लिहिण्यापेक्षा हा आपला शब्द मला फार आवडतो.) मग आखात, स्पेन, ग्रीस, इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो, नेदरलँड्समध्ये कांबूर आणि विलेम टू. 2018 मध्ये तो भारतात आला आणि इंडियन सुपर लीगच्या चार हंगामांत चार संघांकडून खेळला: नॉर्थईस्टकडून 12 गोल, केरळकडून 15, मुंबई सिटीकडून 8, हैदराबादकडून 18. शेवटच्या आकड्याने त्याला वयाच्या 37 व्या वर्षी त्या हंगामातल्या सर्वाधिक गोलांचा मान मिळवून दिला. मुंबईकडून त्याचे गोल सर्वांत कमी, पण मार्च 2021 मध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर लीगचा अंतिम सामना 1-1 असा अडला असताना 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगच्या पायाशी चेंडू सरकवला तो यानेच. मुंबई पहिल्यांदा विजेती ठरली. दरवर्षी नवा संघ, नवे सोबती, आणि गोल मात्र तसेच. याला ‘भटका’ म्हणताना माझा तरी हात अडखळेल.

एका शब्दाचा मोह मला बराच काळ होता: ‘शिलेदार’. मराठ्यांच्या फौजेत पागेच्या, म्हणजे सरकारी, घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. स्वतःचे बूट आणि स्वतःचं कसब घेऊन दरवर्षी नव्या संघात रुजू होणाऱ्या स्ट्रायकरला हा किती शोभला असता! पण वर्तमानपत्रांनी ‘अमुक नेत्याचा विश्वासू शिलेदार’ असं लिहून लिहून त्याचा अर्थ एकाच धन्याला धरून राहणारा असा करून टाकला आहे. मूळ अर्थ मनात धरून कुणी वापरला, तरी वाचक नेमका उलटा समजेल. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘भाडोत्री’ तर अजिबात नको, त्यात निष्ठा विकल्याचा आरोप आहे.

तेव्हा माझं उत्तर: ‘कसबी’. क्रिकेटच्या मराठी लेखनात ‘कसबी गोलंदाज’ रुळलेलाच आहे. फार झळाळी नसलेला, पण काम चोख करणारा, असा त्याचा सूर आहे आणि ‘जर्नीमन’चाही बरोबर तोच सूर आहे. क्लब बदलत राहण्याचा भाग मात्र या शब्दात येत नाही. तो वेगळा सांगावा, एकाच शब्दात दोन्ही कोंबण्याचा हट्ट धरू नये. त्यासाठी ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तयार आहे. तिच्यात हिणवणं नाही, आणि नांगीही आहे, जी स्ट्रायकरला लागतेच.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘पाठीवर बिऱ्हाड घेऊन देशोदेशी खेळलेला हा कसबी आघाडीपटू 2020 मध्ये मुंबईत दाखल झाला.’