घरच्या घरी विजेच्या साहाय्याने गंज काढताना मिठाचे पाणी आणि स्टीलचा चमचा वापरावा का?

आपण विचारले आहे की, जुन्या वाड्याच्या अडगळीत सापडलेले विळे, अडकित्ता, वखराची पास (मातीतून चालणारे लोखंडी पाते) आणि काही पान्हे गंजून लाल झाले आहेत, आणि बादलीत मिठाचे पाणी, त्यात एक स्टीलचा चमचा व गाडीच्या बॅटरीचा चार्जर जोडून गंज काढण्याची जी रीत एका व्हिडिओत दाखवली आहे, ती करून पाहावी का. रीत खरी आहे आणि उत्तमही आहे; परभणी जिल्ह्यातील आमच्या आखाड्यावरची, म्हणजे शेतावरच्या वस्तीवरची, औते आणि हत्यारे मी याच रीतीने साफ करतो. मात्र मीठ आणि स्टीलचा चमचा या दोन गोष्टी त्यातून काढून टाकाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांच्या जागी धुण्याचा सोडा आणि साध्या लोखंडाचा तुकडा घ्यावा. असे का, हे समजण्यासाठी बादलीत नेमके काय घडते ते आधी पाहू.

शाळेच्या विज्ञानात शिकलेले विद्युत अपघटन ते हेच. सोड्याच्या पाण्यात लोखंडाच्या दोन वस्तू एकमेकींना न टेकवता सोडायच्या आणि त्यांतून एकदिश (डी.सी.) प्रवाह जाऊ द्यायचा. गंजलेली वस्तू ऋण टोकाला जोडलेली असते, म्हणजे ती ऋणाग्र होते. धन टोकाला जोडलेला टाकाऊ तुकडा धनाग्र होतो. ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन येत राहतात. त्यांच्यामुळे पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि लाल गंजाचे, म्हणजे फेरिक ऑक्साइडाचे, क्षपण होऊन, म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी होऊन, त्याचा बराचसा भाग मॅग्नेटाइट या लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. हा काळा थर मूळ लोखंडाला फार घट्ट धरून राहत नाही, आणि त्याच्या फटींतून वर येणारे हायड्रोजनचे बुडबुडे त्याला आणखी सैल करतात. या रीतीचा सर्वांत मोठा गुण असा की, वस्तू ऋण टोकाला असेपर्यंत तिचे चांगले लोखंड झिजत नाही. चिंचेच्या कोळात, लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये वस्तू ठेवली तर गंज जातो खरा, पण आम्ल गंजाबरोबर शाबूत लोखंडही खाते, आणि वस्तू विसरून जास्त वेळ राहिली तर पृष्ठभाग खडबडीत होतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासले तर धातूवरच्या बारीक खुणा पुसल्या जातात. सोड्याच्या पाण्यातून काढलेल्या एका जुन्या विळ्याच्या पात्यावर मुठीजवळ लोहाराने छिन्नीने मारलेली तीन तिरप्या रेघांची खूण मला स्वच्छ दिसली होती. घासून गंज काढला असता तर ती गंजाबरोबरच गेली असती.

आता मिठाविषयी. मीठ घातल्याने पाण्यातून वीज चांगली वाहते, म्हणून ते सुचवले जाते. परंतु मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि त्याच्या द्रावणातून प्रवाह गेला की धनाग्रावर क्लोरीन तयार होऊ शकतो, जो श्वासाला घातक आहे. शिवाय क्लोराइड गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांत शिरून बसते आणि वस्तू धुतल्यावरही तेथून नव्याने गंज धरू लागतो. ज्या कामासाठी एवढी खटपट करायची, त्याच कामाचा त्यामुळे नाश होतो. स्टीलच्या चमच्याचा धोका याहून गंभीर आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते. आपल्या भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये ते सुमारे १८ टक्के असते. असे स्टील धनाग्र म्हणून वापरले तर ते विरघळताना हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची संयुगे पाण्यात उतरू शकतात. ही संयुगे कर्करोगकारक आहेत, कातडीला अपाय करतात, आणि असे पाणी ना मोरीत ओतता येते ना मातीत. चमचा बराच काळ झिजल्यासारखा दिसत नाही म्हणून अनेकांना ते सोयीचे वाटते, पण ही सोय घेऊ नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइपाचा तुकडाही घेऊ नये, कारण जस्त द्रावणात उतरते. तांब्याची पट्टी घेतली तर तांबे उतरून आपल्या वस्तूवर बसू शकते. साधे लोखंड मिळवणे अवघड नाही. आपल्याकडे बांधकामावर सळईचे तुकडे पडलेले असतात, आणि जालन्याच्या कारखान्यांतून निघणारी सळई तर मराठवाड्यात गावोगावी पोहोचलेली आहे. वीतभर लांबीचे तीन-चार तुकडे पुरेसे होतात.

पाण्यासाठी प्लास्टिकची बादली घ्यावी. रंगाचा रिकामा मोठा डबा सर्वांत चांगला. दहा लिटर पाण्यात शंभर ते दीडशे ग्रॅम धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवावा. हा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, किराणा दुकानात सुटा मिळतो. खाण्याचा सोडा वेगळा. त्याने काम मंद होते. कॉस्टिक सोडा मात्र अजिबात घेऊ नये, कारण तो कातडी आणि डोळे जाळतो. आपल्या भागातील बोअरचे पाणी जड असते, त्यामुळे सोडा टाकताच पाणी दुधासारखे गढूळ होऊन तळाशी पांढरा गाळ बसतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ असतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. थोडा सोडा त्यात खर्ची पडतो, म्हणून चमचा-दोन चमचे जास्त घालावा. पाणी चवीला खारे असेल, तर मात्र वर सांगितलेला क्लोराइडचाच प्रश्न उभा राहतो, आणि अशा ठिकाणी पावसाचे किंवा जारचे पाणी वापरणे बरे.

विजेसाठी १२ व्होल्टचा जुन्या पद्धतीचा, वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेला बॅटरी चार्जर उत्तम. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात असतो तसा, ज्यावर ॲम्पिअरचा काटा असतो. हल्लीचे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नसेल तर प्रवाह सुरूच करत नाहीत, म्हणून चार्जर खराब आहे असा गैरसमज करून घेऊ नये. काही जण बादलीच्या तारा थेट ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडतात. त्यात दोन लोखंडे चुकून टेकली तर बॅटरीतून शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह वाहून तारा लाल होतात, तेव्हा मध्ये दहा ॲम्पिअरचा फ्यूज घातल्याशिवाय हे करू नये. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगमधून डायोड लावून थेट वीज घेण्याची युक्तीही कोठेतरी आपल्या पाहण्यात येईल. ती जीवघेणी आहे. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही.

जोडणी करताना सळईचे तुकडे बादलीच्या कडेने चहूबाजूंनी उभे करून तारेने एकमेकांना जोडावेत आणि चार्जरचे धन टोक त्यांना लावावे. धन टोकाचा चिमटा पाण्याच्या वर राहिला पाहिजे, नाही तर चिमटाच विरघळू लागतो. वस्तू मधोमध, सळईपासून चार-पाच बोटांच्या अंतरावर, आडव्या काठीला तारेने टांगावी. जिथे ऋण चिमटा लावायचा, तेवढी जागा कानशीने घासून चकचकीत करावी, कारण गंजातून वीज नीट जात नाही आणि बहुतेकांचे काम इथेच अडते. प्रवाह सळईसमोर असलेल्या बाजूवर जास्त पडतो, म्हणून सळई एकाच बाजूला असेल तर वस्तू अधूनमधून फिरवावी लागते. पान्ह्याच्या जबड्याच्या आतील भाग किंवा नळीचे पोकळ अंतरंग या रीतीने आपोआप साफ होत नाही. तिथे सळईचा बारीक तुकडा आत, पण न टेकवता, धरावा लागतो.

धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली तर आपली वस्तूच धनाग्र होऊन झिजेल. म्हणून आधी दोन खिळ्यांवर प्रयोग करावा: ज्या खिळ्यावर बारीक पांढऱ्या बुडबुड्यांची दाट रांग उठते, ते ऋण टोक, कारण हायड्रोजनचे आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट असते. खात्री पटल्यावरच मूळ वस्तू पाण्यात सोडावी. काटा दोन ते चार ॲम्पिअरच्या दरम्यान असावा. जास्त झाला तर सळया दूर साराव्यात किंवा एखादी बाहेर काढावी. थोड्याच वेळात पाण्यावर तपकिरी फेस जमतो आणि सळयांवर केशरी चिखल साठतो. तो प्रवाह अडवतो, म्हणून मध्ये चार्जर बंद करून सळया खरवडून घ्याव्यात. फॅरडेने १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार हिशेब केला तर एक ॲम्पिअरचा प्रवाह तासभर वाहिल्यास धनाग्राचे जास्तीत जास्त एक ग्रॅमभर लोखंड झिजते, त्यामुळे सळया पुष्कळ दिवस पुरतात.

त्याच हिशेबाने तासाला एका ॲम्पिअरमागे साधारण अर्ध्या लिटरला थोडा कमी इतका हायड्रोजन सुटतो. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. उघड्या अंगणात किंवा ओसरीवर तो लगेच वर निघून जातो आणि धोका राहत नाही, पण बादलीवर झाकण ठेवणे, किंवा पत्र्याच्या बंद खोलीत दार लावून काम करणे, हे टाळलेच पाहिजे. बिडी-सिगारेट आणि चूल जवळ नको. चिमटे काढण्याआधी चार्जरचे बटण बंद करावे, कारण चिमटा सुटताना उडणारी ठिणगी नेमकी फेसाजवळच पडते. हातात रबरी मोजे असावेत आणि लहान मुले व जनावरे दूर असावीत. जनावरांचे मी मुद्दाम सांगतो, कारण गोठ्याजवळ भरलेली बादली त्यांना पाण्याचीच वाटते.

हलका गंज दोन-तीन तासांत सुटतो, जुनाट खपल्यांना पूर्ण दिवस लागतो. लोडशेडिंगमुळे मध्येच वीज गेली तर वस्तूचे नुकसान होत नाही, कारण सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात लोखंड सहसा गंजत नाही. वीज आली की काम पुढे सुरू होते. फक्त चार्जरसोबत बॅटरी जोडलेली असेल तर वीज नसताना ती रिकामी होत राहते, म्हणून तारा काढून ठेवाव्यात. वस्तू बाहेर काढल्यावर तिच्यावर काजळीसारखा काळा, मऊ लेप दिसतो. नायलॉनच्या ब्रशने किंवा तारेच्या घासणीने तो वाहत्या पाण्याखाली घासला की खाली करडे लोखंड दिसते. कुठे लाल ठिपके उरले असतील तर वस्तू पुन्हा बादलीत सोडावी. जोर लावून खरडण्याची गरज नाही. गंजाने आधीच खाल्लेले लोखंड मात्र परत येत नाही, खड्डे खड्डेच राहतात.

यानंतरची काही मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. उघडे पडलेले लोखंड ओले राहिले तर पाहता पाहता त्यावर पिवळसर गंज चढतो. म्हणून वस्तू गरम पाण्याने धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, उन्हात किंवा मंद आचेवर पूर्ण वाळवावी आणि ती कोमट असतानाच तेल लावावे. पास आणि पान्हे यांना मशीनचे तेल चालते. विळा आणि अडकित्ता तोंडात जाणाऱ्या जिनसांना लागतात, तेव्हा त्यांना खाद्यतेलच लावावे. आपल्याकडचे घाण्याचे करडईचे किंवा जवसाचे तेल यासाठी विशेष चांगले, कारण ही दोन्ही वाळणारी तेले आहेत आणि पातळ पुसून ठेवली की त्यांची टणक पापडी धरते. लोखंडी तवा साफ केला असेल तर हेच तेल लावून तो दोन-तीन वेळा चांगला तापवावा. औताची पास पुढच्या हंगामापर्यंत ठेवायची असेल तर आधी तिच्यावरची काळी माती खरवडून काढावी, कारण ती ओल धरून ठेवते, आणि पास गोठ्याऐवजी कोरड्या जागी टांगावी. शेण-मुताच्या ओलीने लोखंड फार लवकर गंजते.

आपल्या वस्तूंपैकी अडकित्त्याकडे नीट पाहावे. त्याच्या दांड्या पितळी असतील तर फक्त लोखंडी पाते पाण्यात बुडेल असा तो टांगावा. विळ्यांच्या लाकडी मुठी काढता येत नसतील तर त्याही पाण्याबाहेर ठेवाव्यात. ॲल्युमिनियमची वस्तू या पाण्यात कधीही घालू नये, सोडा तिला खातो. जुना रंगही सोड्याने सुटू शकतो. फार कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून स्प्रिंगा, ट्रॅक्टरच्या जोडणीचे हाय टेन्साइल बोल्ट, ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग या रीतीने साफ करू नयेत. ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे तो भाग बदललेलाच बरा. लोहाराने पाणी देऊन (तापवून पाण्यात बुडवून) कडक केलेल्या विळ्याच्या बाबतीत मी प्रवाह कमी ठेवतो आणि साफ झाल्यावर एक दिवस जाऊ देऊन मगच त्याला धार लावतो.

उरलेले पाणी वाया गेले असे समजू नये. सोडा खर्च होत नाही, बाष्पाने कमी झालेले पाणी तेवढे भरत राहावे आणि केशरी गाळ गाळून काढावा. हा गाळ लोखंडाच्या गंजाचाच असतो आणि, आपण स्टील किंवा जस्त वापरले नसेल तर, वाळवून कचऱ्यात टाकता येतो. पाणी मात्र शेतात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नये. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) मुळातच बहुधा ७.५ ते ८.५ असतो, आणि सोडियम वाढले की अशी जमीन चोपण होते, तिच्यात पाणी मुरत नाही. भरपूर साध्या पाण्यात मिसळून ते मोरीवाटे गटारात सोडावे, आणि ते विहिरीकडे किंवा हौदाकडे जाणार नाही एवढे पाहावे.